अर्जाचा मायना

अर्ज लिहून देणे हा सेवानिवृत्तीनंतर आमचा बिनपगारी धंदा होऊन बसला आहे. वीजबिलाची तक्रार, सातबाऱ्यावरील नावाची दुरुस्ती, शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत, मयताच्या खात्यावर वारसांची नोंद, असल्या कामांसाठी राजगुरुनगरातील व आसपासच्या वाड्यांतील माणसे आमच्या ओसरीवर येतात. आणि तीस-पस्तीस वर्षे मुलांना पत्रलेखन शिकविल्याची खोड जात नसल्यामुळे आम्हीही चष्मा पुसून बसतो. मायना चुकला की अर्ज चुकला, असे आम्ही आठवीच्या वर्गात सांगत आलो. प्रथम ‘प्रति’, त्याखाली अधिकाऱ्याचा हुद्दा, मग ठिकाण, मग विषय. मजकुरात व्याकरणाची एखादी चूक राहिली तरी कारकून ती पोटात घालतो. परंतु अर्ज कोणाच्या नावे आहे हेच ठरलेले नसेल तर तो कागद कोणाच्याच टेबलावर जात नाही.

इतक्या वर्षांत ‘प्रति’ ह्या शब्दापाशी आमची लेखणी कधी अडली नव्हती. ती २०२५ च्या डिसेंबरात प्रथम अडली.

आलेला मुलगा आमचाच जुना विद्यार्थी. अक्षर बरे, गणित साधारण, स्वभाव गरीब. वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर. घरी थोडकी जिरायती जमीन आणि आजी. हा मुलगा चौदा महिने पिंपरी-चिंचवडातील एका दुकानात नोकरीस होता. दुकान म्हटले खरे, पण त्यास फलक नव्हता, गल्ला नव्हता, आणि गिऱ्हाइकास आत येण्याची वाटही नव्हती. मोबाईलवरून मागविलेला किराणा दहा-पंधरा मिनिटांत घरपोच करणाऱ्या कंपन्या वस्तीच्या मध्यावर अशी जी बंदिस्त गोदामे थाटतात, त्यांपैकी हे एक. ह्या धंद्यात त्यास ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. आत दिवे लख्ख असतात; अंधार असतो तो बाहेरून पाहणाऱ्यापुरता.

त्याचे काम ‘पिकर’चे, म्हणजे वेचणाऱ्याचे. हातातील यंत्रावर मागणी उमटली की टोपली घेऊन निघावयाचे. यंत्र मांडणीचा क्रमांक सांगते, त्या खणातून साखर, पलीकडच्या खणातून साबण, शीतकपाटातून दूध, पुन्हा मागे येऊन कोथिंबिरीची जुडी, असे सर्व गोळा करून बांधणाऱ्यापुढे ठेवावयाचे. हे सारे दोन-अडीच मिनिटांत. उशीर झाला तर यंत्र तशी नोंद करते. बाहेर दुचाकीवाले तिष्ठत उभे असतात, ते पिशवी घेऊन निघतात. मुलगा म्हणाला, “सर, पहिल्या महिन्यात रात्री झोपेतसुद्धा खणांचे क्रमांक दिसायचे.” रात्रीची पाळी एक वाजता सुटे, मग मोटारसायकलीवरून चाकणमार्गे घरी. चाकणच्या चौकात दिवसा तास-तास गाडी हलत नाही. रात्री मात्र रस्ता मोकळा असतो, एवढीच त्या पाळीची सोय. हातात साडेचौदा हजार पडत. त्यांतून पेट्रोल वजा.

एके सकाळी त्यांच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर चार ओळींचा इंग्रजी संदेश आला. त्याचे मराठी असे: अमुक तारखेपासून सदर केंद्राचे कामकाज बंद करण्यात येत आहे, सर्वांस इतर केंद्रांवर सामावून घेण्यात येईल, नवीन केंद्राची माहिती कळविण्यात येईल, सहकार्याबद्दल आभार. माहिती आली ती खराडीची. राजगुरुनगरापासून खराडी गाठावयाची, रात्री एक वाजता तेथून परतावयाचे, पगार तोच. मुलाने दोन वेळा फोन केला, पर्यवेक्षकाने ‘वर विचारतो’ म्हणून सांगितले, आणि पाचव्या दिवशी त्याच्या मोबाईलवरील हजेरीचे खाते बंद झाले. तेथे इंग्रजीत एक शेरा होता: कर्मचाऱ्याने स्वेच्छेने काम सोडले. एकोणीस दिवसांची मजुरी येणे बाकी.

“सर, अर्ज लिहून द्या,” तो म्हणाला. आम्ही कागद ओढला, उजवीकडे दिनांक घातला, डावीकडे ‘प्रति’ लिहिले आणि विचारले, “अरे, मालक कोण?”

त्याने मोबाईलवरील चिन्ह दाखविले. त्या चिन्हाच्या कंपनीने त्यास कधी नेमले नव्हते. नेमणूक मनुष्यबळ पुरविणाऱ्या एका संस्थेने केली. तिचे कार्यालय परराज्यात, आणि तिचा येथील माणूस मध्यंतरी नोकरी सोडून गेलेला. जागा तिसऱ्याच्या नावे, अन्नपदार्थ विक्रीचा परवाना चौथ्याच्या नावे. पगार बँकेत जमा होई तो पाचव्याच नावाने. नेमणूकपत्र मागितले तेव्हा ‘ॲपमध्ये आहे’ असे उत्तर मिळे. आता ॲपच बंद. आम्ही ‘प्रति’ पुढे स्वल्पविराम दिला आणि लेखणी खाली ठेवली.

संस्कृत शिकलेल्या माणसास वाक्यात कर्ता शोधण्याची सवय असते. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना स्वातंत्र्य हा गुण पुढे ठेवला आहे. जो क्रियेच्या बाबतीत स्वतंत्र, तो कर्ता. त्या चार ओळींचा संदेश आम्ही पुन्हा वाचला. बंद करण्यात येत आहे, कोणाकडून? सामावून घेण्यात येईल, कोणाकडून? कळविण्यात येईल, कोणाकडून? चारही ओळींत कर्ता नाही. सरकारी मराठीत ही रचना आम्ही जन्मभर पाहिली असून मुलांच्या निबंधांतून ती खोडलीही आहे. तेव्हा तिचे आम्हांस आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते शेवटच्या शेऱ्याचे. दुकान बंद होण्याच्या सर्व क्रियेत ज्यास कर्ता म्हणून कोणी पुढे झाले नाही, त्या प्रकरणात अखेरचे वाक्य तेवढे कर्तरी झाले आणि त्याचा कर्ता हा मुलगा ठरला. त्याने काम सोडले!

ह्या एका क्रियापदात किती पैसे आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगारास कामावरून कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस द्यावी, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी भरपाई म्हणून द्यावी, ही तरतूद आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ पासून होती. त्या कायद्याची जागा आता नव्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून तिच्यातही ती आहे. मुलाचे चौदा महिने भरले होते. त्यास ‘कमी केले’ असे लिहिले तर हे सर्व लागू. ‘त्याने सोडले’ असे लिहिले की काही नाही. आणि केवळ त्याचीच गोष्ट असती तर ती आम्ही येथे मांडलीही नसती. असे दुकान बंद झाल्यावर ज्यांची बदली दूर दाखविली जाते व जे तेथे जाऊ शकत नाहीत, ते सगळे ‘सोडून गेलेले’ ठरणार. मग दुकान बंद पडल्यामुळे किती जणांची भाकर गेली, ह्याची बेरीज कोणी व कशावरून करावी? कागदोपत्री ती शून्यच भरेल.

ह्या धंद्यात दुकाने मिटण्याचा प्रकार नवा नाही. मुंबईत २०१२ साली निघालेली ‘लोकलबनिया’ ही घरपोच किराण्याची कंपनी २०१५ च्या अखेरीस थांबली. तेव्हाच्या ‘ग्रोफर्स’ने जानेवारी २०१६ मध्ये एकदम नऊ शहरांतील काम आवरते घेतले, त्यांत आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे नाशिक होते. मे २०२२ मध्ये ‘सुपर डेली’ने, म्हणजे रोज पहाटे दाराशी दूध व वाणसामान ठेवून जाणाऱ्या कंपनीने, पुणे, मुंबई, दिल्ली, हैदराबाद व चेन्नई ह्या पाच शहरांतील सेवा बंद केली. ‘डन्झो’चे तर सर्वांनी पाहिलेच आहे: बंगळुरात जन्मलेली ही कंपनी पुण्यासह अनेक शहरांत पसरली, जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्सने तिच्यात सुमारे वीस कोटी डॉलर घातले, आणि पुरती तीन वर्षे होतात न होतात तोच, जानेवारी २०२५ मध्ये, तिचे ॲप व संकेतस्थळ दोन्ही बंद पडले. मध्यंतरी पगार थकल्याच्या बातम्या येत होत्या. कधी सरकारी हुकुमानेही दार लागते. जून २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने बालेवाडीच्या एका केंद्रावर परवान्याच्या कारणावरून तशी कारवाई केली होती. ती कारवाई योग्यच असेल. स्वच्छतेच्या बाबतीत आम्ही कोणाची गय करावी असे म्हणणार नाही. पण त्या दिवसांची मजुरी टोपली उचलणाऱ्या पोरांस मिळाली की नाही, हा प्रश्न बातमीत कोठे येत नाही.

वास्तविक हा धंदा सांप्रत बुडत नसून वाढत आहे, आणि आमच्या मुलाची नोकरी गेली ती ह्या वाढीच्याच दिवसांत. हे कसे, ते समजण्यास आम्हांस थोडा वेळ लागला. ग्रोफर्सचेच पुढे ‘ब्लिंकिट’ झाले. तिच्या दुकानांची संख्या २०२४ च्या अखेरीस १,००७ होती. ती जून २०२५ अखेर १,५४४ आणि सप्टेंबर अखेर १,८१६ झाली. असल्या कंपन्या आपल्या भागधारकांपुढे हे आकडे ‘नक्त वाढ’ म्हणून मांडतात. नवीन उघडली किती, त्यांतून मिटली किती वजा जाऊन, उरली ती नक्त वाढ. हिशेबाच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. कोणताही व्यापारी असाच हिशेब करील. एखाद्या जागेवर रोजच्या मागण्या ठराविक संख्येच्या वर जात नसतील तर भाडे, वीज, शीतकपाटे व माणसे ह्यांचा खर्च निघत नाही. मग ती जागा मिटवून शेजारच्या मोठ्या जागेत माल हलविणे शहाणपणाचे. भांडवल परक्याचे असते व ते घाईत असते, म्हणून प्रथम जागा भराभर उघडून पाहावयाच्या आणि न चालणाऱ्या भराभर मिटवावयाच्या, ही ह्या धंद्याची चालच आहे. पण वजाबाकीत जी संख्या जाते तिच्यामागे माणसे असतात, आणि उत्तरात ती दिसत नाहीत. पाटीवरील गणितात हातचा विसरला तर आम्ही मुलाचा कान धरीत असू.

आता कोणी म्हणेल, कारखाने काय बंद पडत नाहीत? पडतात. आमच्या ह्याच पट्ट्यात, तळेगावी, जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. परंतु तेथे कामगारांची संघटना होती. प्रकरण न्यायालयात गेले. कारखाना मिटविण्यास शासनाने परवानगी द्यावी की न द्यावी ह्यावर वर्षानुवर्षे खल झाला. आणि पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली, हे सर्व वर्तमानपत्रांतून आले. त्या कामगारांस पुरता न्याय मिळाला असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांना बसावयास एक फाटक होते, आणि त्या फाटकावर नाव होते. मोठ्या कारखान्यास, खाणीस व मळ्यास बंद करण्यापूर्वी सरकारची संमती घ्यावी लागते. पूर्वी शंभर कामगारांच्या वर ती लागे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्यावर ती मर्यादा तीनशेवर गेली. दुकानांस व गोदामांस ही अट आधीही नव्हती, आजही नाही. त्यातून पन्नासांहून कमी माणसे असलेल्या जागेस साठ दिवसांची पूर्वसूचनाही सरकारास द्यावी लागत नाही. आमच्या मुलाच्या पाळीत, वेचणारे व बांधणारे धरून, सतरा जण होते.

ह्या सतरांत दुचाकीवाले धरलेले नाहीत. त्यांची गोष्ट निराळीच आहे. त्यांना नोकर म्हणतच नाहीत. ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, म्हणतात. भागीदारास आपल्याकडे नफ्यातोट्याचा वाटा व वह्या पाहण्याचा हक्क असतो. ह्या भागीदारास स्वतःची मोटारसायकल व स्वतःचे पेट्रोल एवढेच भागभांडवल घालण्याचा अधिकार आहे. नीति आयोगाने २०२२ साली असल्या सुट्या कामावर जगणाऱ्यांची देशातील संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला होता. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा उल्लेख प्रथमच आला असून कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग त्यांच्यासाठी काढावा असे तीत म्हटले आहे. दुकान मिटले की ह्यांची नोकरी ‘जात’ नाही, मागण्या कमी होतात. मग तो आपणच दुसरीकडे जातो. त्याची नोंद होण्याचा तर प्रश्नच नाही.

येथवर लिहून झाल्यावर आमच्या घरातून एक शंका निघाली, ती प्रामाणिकपणे नमूद करतो. मुलगा चिंचवडास असतो. आम्ही उभयता तेथे गेलो असता रात्री साडेनऊ वाजता कढीपत्ता नाही म्हणून सूनबाईंनी मोबाईलवर बोट ठेवले, आणि फोडणीचे तेल तापते न तापते तोच घंटा वाजली. त्या वेळी सर्वांत जास्त कौतुक आम्हीच केले होते, असे कुटुंबाने आम्हांस आठवून दिले. ते खरे आहे. तिचे म्हणणे असे की, चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू-तांदूळ निवडून, हळद-तिखट दळून, डाळी उन्हे दाखवून फडताळे भरून ठेवणारी घरे होती तोवर दहा मिनिटांत येणाऱ्या किराण्याची कोणास गरजच नव्हती. साठवण गेली, तिच्या जागी हे आले. ह्यावर सूनबाईंचे म्हणणे असे की, ती साठवण जिने निवडली-पाखडली तिला तुम्ही किती मजुरी देत होता? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सुचले नाही. घरोघरच्या वडील मंडळींनी विचार करून पाहावा.

गावच्या जुन्या वाणसामानाच्या दुकानाविषयीही आम्हांस फार गोड बोलावयाचे नाही. आमच्या पेठेतील एका वृद्ध दुकानदाराने काही वर्षांपूर्वी दुकान आवरले. महिनाभर आधी तो दारोदार फिरला. ज्यांची उधारी होती त्यांस वही दाखविली, ज्यांचे आगाऊ पैसे होते त्यांचे परत केले, आणि दुकानातील दोन नोकरांना स्वतः बरोबर नेऊन दुसऱ्या दोन दुकानांत चिकटवून दिले. पण त्याच नोकरांना त्याने वीस वर्षांत भविष्यनिर्वाह निधीचा एक रुपया भरला नव्हता, आणि सुटी म्हणजे काय ते फक्त अमावस्येला कळे. आजच्या मुलाच्या पगारातून निधी कापला जात होता, हे मान्य केले पाहिजे. शिवाय अशी दुकानेही आता मिटत आहेत. वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये असा अंदाज मांडला की वर्षभरात दोन लाख किराणा दुकाने बंद झाली. पक्षकाराचाच आकडा असल्यामुळे तो थोडा हात राखून घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच की, त्या म्हाताऱ्याच्या बाबतीत ‘दुकान कोणी बंद केले’ ह्या प्रश्नास नाव घेऊन उत्तर देता येत होते, आणि अर्ज करावयाचा झाल्यास त्याचे घर ठाऊक होते.

दुकान नसलेला किराणा म्हणजे माणूस नसलेला किराणा, असेही समजण्याचे कारण नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करीत आली: शेजारची दहा-पंधरा कुटुंबे एकत्र येतात, महिन्याची यादी देतात, माल एकगठ्ठा विकत घेतला जातो व संघांतून वाटला जातो. फलक नाही, काउंटर नाही. मात्र ती दहा मिनिटांत येत नाही, महिन्यातून एकदा येते. आणि वाटप करणाऱ्याचे नाव प्रत्येक घरास माहीत असते.

असो. आम्ही अर्जाकडे परत आलो. मुलाला सांगितले, “बँकेचे पुस्तक भरून आण, आणि निधीचा क्रमांक काढ.” निधीचा तो बारा अंकी क्रमांक मोबाईलवर निघाला, त्याखाली निधी भरणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव छापलेले होते. चौदा महिन्यांत त्या मुलाने आपल्या मालकाचे नाव प्रथमच वाचले. बँकेच्या नोंदीत पगार टाकणाऱ्याचे नाव निघाले. कंपनीने नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक आहे, तो आमच्या नातवाने पाच मिनिटांत शोधून दिला. मग ‘प्रति’ खाली एकाऐवजी तीन नावे आली: मनुष्यबळ पुरविणारी संस्था; ज्या कंपनीचे काम चालले होते ती, मुख्य मालक ह्या नात्याने; आणि तिसरे बंद पडलेल्या त्या केंद्राचे व्यवस्थापक. तिन्ही अर्जांची एकेक प्रत माहितीसाठी पुण्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयास. कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास ती मुख्य मालकाने द्यावी, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेली आहे. आणि जागा बंद झाल्यामुळे बेकार झालेल्याची सर्व मजुरी कामाच्या दोन दिवसांच्या आत चुकती करावी, असे नवी वेतनसंहिता म्हणते. ह्या दोन गोष्टी आम्ही मजकुरात घातल्या. कलमांचे क्रमांक घालण्यापूर्वी एका ओळखीच्या वकिलांस विचारून घेतले. प्रत्येक कामगारास लेखी नेमणूकपत्र दिलेच पाहिजे असे ह्या नव्या संहितांत आहे, तेही लिहिले. ज्यांच्या घरची मुले असल्या नोकरीत असतील त्यांनी पहिल्या महिन्यातच हे पत्र, निधीचा क्रमांक व पगाराची चिठ्ठी कागदावर छापून घरच्या पेटीत ठेवावी. ॲप बंद झाल्यावर त्यातील कागद मिळत नाहीत.

‘स्वेच्छेने काम सोडले’ ह्या शेऱ्याविषयी मात्र आम्ही मुलालाच लिहावयास सांगितले. त्याने लिहिले: “मी काम सोडलेले नाही. तुम्ही दुकान बंद केले. मला लांब जाता आले नाही.” तीन वाक्ये, तिन्हींत कर्ता अथवा कर्म आपापल्या जागी. आम्ही त्यात अक्षरही बदलले नाही.

पोस्टात गेल्यावर कळले की साधे रजिस्टर आता राहिले नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात विलीन झाले. तेव्हा पोचपावतीसह चार स्पीड पोस्ट केली. पैसे मुलाने दिले. आम्ही देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

तीन आठवड्यांत उत्तरे आली ती अशी. मनुष्यबळ संस्थेने पत्र न लिहिता त्याच्या खात्यावर अकरा दिवसांची मजुरी जमा केली. उरलेल्या आठ दिवसांचा खुलासा नाही, भरपाईचा उल्लेख नाही. कंपनीकडून पोचपावती तेवढी आली. तिसरे पाकीट परत आले. त्यावर पोस्टमनाने निळ्या शाईत लिहिले होते: ‘जागा रिकामी. कोणी नाही.’ कामगार कार्यालयाने मात्र दोन्ही पक्षांस बोलाविले असून तारीख दिली आहे.

मुलास सध्या चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोणी मोजण्याचे काम मिळाले आहे, रोजावर. तारखेच्या दिवशी तो रोज बुडवून येणार आहे. वाकडेवाडीस अकराच्या आत पोहोचावयाचे तर राजगुरुनगरहून सातची एसटी गाठली पाहिजे, कारण पुढे चाकणला किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. परत आलेले पाकीट न फोडता बरोबर घ्यावे, असे आम्ही त्यास सांगून ठेवले आहे. त्याच्याबरोबरच्या सोळांपैकी दोघे जण अर्जाचा नमुना मागावयास परवा येऊन गेले.